पिंपळाभोवती चालण्याचा गुन्हा

माझा धाकटा भाऊ लहानू यास थोरली बहीण गोपिकाचा नागपुरावरून सप्रेम जयभीम, आन डोक्यावर हात. खोकला उतरला का? नसला तर बिडी सुटली नाही, हे मी उमरेडले न येताच ओळखते. इकडं सगळे खुशाल, फक्त ऊन भाजून राहिलं. हे पत्र सूनबाई प्रेमिला लिहून राहिली. मी बोलते ते जसंच्या तसं लिही म्हटलं आहे. (जसंच्या तसंच लिहिते आहे, मामाजी. माझ्याबद्दलचं तेवढं गाळलं. प्रेमिला.)

तर झालं असं, का आपल्या विहारात भंतेजी आले आन ध्यान शिकवू लागले. मांडी घालायची, डोळे मिटायचे, नाकापाशी श्वास पाहायचा. मी पाहता पाहता घोरायले लागली. (प्रेमिला म्हणते, बाहेरच्या रिक्षावाल्यानंही वळून पाहिलं.) भंतेजी भला माणूस, हसले नाहीत. म्हणाले, आजीबाई, तुम्ही चालून ध्यान करा. पाय उचलला का उचलला हे जाणा, टेकला का टेकला हे जाणा. आता या दिवसांत अनवाणी चालायले विहाराच्या आंगणात सावली एकच, पिंपळाची. तिथं मी रोज सकाळी चालायले लागली. लहानू, जन्मभर या पायांवर उभी राहून मी विटा वाहिल्या, पण पायाची माझी ओळख आत्ता झाली. टाचेले माती गार लागते, अंगठ्याखाली वाळलं पान मोडते, मुंग्यांची रांग आली का पाय आपला आपच थांबते. वारा नसला तरी वर पानं हलत राहतात, आन कळत नाही का श्वास मी घेऊन राहिली का झाड. (प्रेमिला माझ्या तोंडाकडं पाहून राहिली. लिही वं.)

हे पाहिलं कमिटीच्या आनंदरावानं. हा छप्पन साली दीक्षेले माझंच बोट धरून आला होता, आन आता मलेच धम्म शिकवते. म्हणे, आपण देव सोडले, नवस सोडले, पिंपळाले सूत गुंडाळणं सोडलं, आन आजी पुन्हा प्रदक्षिणेवर आली. मी म्हटलं, बापू, हे ध्यान आहे. तर म्हणे, ध्यान सरळ चालते, गोल फिरते ती प्रदक्षिणा. सरळ गेली तर भिंत लागते, हे त्याले पटेना. भंतेजी तवा वर्ध्याले गेलेले, साक्ष कोण देणार? त्यानं कमिटी बोलावली आन झाडच तोडायचं काढलं: मुळं भिंतीत चालली, बाया अंधश्रद्धेत चालल्या, एका कुऱ्हाडीत दोन्ही कामं.

झाड गेलं तर माझं चालणं गेलं. मी उभी राहिली. "आनंदा, बूट काढ."

"काहून?"

"काढ तं. भंतेजींनी सांगितलं तसं चालून पाहा, मंग घाला कुऱ्हाड."

म्हातारीले नाही कोण म्हणते? सगळी कमिटी अनवाणी, माना खाली, पिंपळाभोवती हळूहळू निघाली, आनंदराव पुढं. तेवढ्यात पलीकडच्या लाईनीतली तुळसाबाई नळावरून पाणी घेऊन चालली होती. तिचे देवधर्म जुनेच. एवढे शहाणे लोक फिरून राहिले पाहून तिनं चपला काढल्या, बादलीतलं पाणी बुंध्याले घातलं, हात जोडले आन आनंदरावाच्या मागं लागली.

"कोणत्या देवाचं आहे गा?"

"देवाचं नाही बाई, हे ध्यान आहे," आनंदराव घाम पुसत म्हणाला.

"हो, तेच ते," तुळसाबाई म्हणाली आन चालत राहिली.

सगळ्यांनी ऐकलं. स्वतःच ध्यान म्हणून बसला, आता कुऱ्हाड कोणत्या तोंडानं मागते? झाड वाचलं. इज्जत राहावी म्हणून त्यानं खोडापाशी पाटी लावली, येथे फिरण्यास मनाई आहे. मी रोज त्या पाटीपुढूनच फिरते. काल त्यानं पाटीवर बोट ठेवलं, तर मी म्हटलं, मले कुठं वाचता येते?

तुझी अक्का,
गोपिका

ता. क. तिथंच मी फसली. सोमवारपासून विहारात प्रौढांचा वर्ग निघून राहिला आन आनंदरावानं पहिलं नाव माझं घातलं. 'शिका' म्हटल्यावर आपल्यात नाही कोणाले म्हणता येते? म्हणून मी रविवारच्या मोटारीनं तुझ्याकडं निघाली. बैलबंडी घेऊन स्टँडावर ये.

आणखी ता. क. भावाचा गुडघा धरला, त्याले पाहायले जाते, असं मी आनंदरावाले सांगून बसली. तुझे गुडघे ठणठणीत आहेत, ठाऊक आहे. पण खोटं बोलणार नाही असं शील मी विहारात रोज घेते. तवा पत्र पोचल्याबरोबर लंगडायले लाग.