वच्छलाच्या माहेरची करडई

२ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरनं आज स्पष्टच सांगितलं — वच्छलाची गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी थेंबांनी टिकवा. बसमधून लोणारला उतरताना ती म्हणाली, "जानेफळले आमच्या वावरात करडई फुलली असन. यंदा पाहाची राहूनच गेली."
राहते कशी? मी काढतो!

३ फेब्रुवारी
ओसरीची भिंत सारवून घेतली. रंग चारच — गेरू, नीळ, कोळसा, हळद. वरून डिंकाचं पाणी. शाळेत गुरुजी म्हणत, शेषरावचा बैल म्हणजे चार पायांची बाज! बघू.

५ फेब्रुवारी
विहीर जमली. बाभूळ जमली. धुऱ्याचा बांध वाकडा आला — पण सासऱ्यांचा धुरा खरोखरच वाकडा होता. खाली सगळी हळद, म्हणजे करडई.

६ फेब्रुवारी
तिला भिंतीसमोर उभं केलं. "काय दिसते?"
"धुकं पडल्यावानी. करडई कुठं हाय?"
पिवळा फिका पडला असेल. उजळ करायला हवा.

७ फेब्रुवारी
उजळ करायला म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना हळदीत कालवला, वावरभर फिरवला — अन् सगळं वावर लाल! रुपाली, आमची सून, अंगणातून ओरडली, "अहो बाबा, हळदीत चुना! लालच होईन नं! सत्तर वर्षं नुसतं जेवलेच काय?" आली तशी हसतच गेली. मी डोक्याला हात लावून बसलो.
तेवढ्यात वच्छला चौकट चाचपत स्वयंपाकघरातून बाहेर आली. भिंतीसमोर थांबली. "अहो, कसं लालभडक दिसून राह्यलं! पळस फुलला जसा!"
दिसलं! तिला दिसलं! करडई नाही तर नाही, पळस तर पळस. आता भिंतीला हात लावणार नाही.

१२ फेब्रुवारी
रोज मी थेंब टाकतो, मग ती ओसरीवर बसून पळस पाहते. दोन घास जास्त जेवते. थेंबांना गुण आहे.

२१ फेब्रुवारी
ओसरीवर दुपारभर ऊन असतं. चुन्याचा जोर ओसरला, लाल पार उडालं. वावर पुन्हा पिवळं — हुबेहूब करडई, पहिल्यापेक्षाही झ्याक!
वच्छला येऊन बसली. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अजूनही कसा लालभडक हाय, नाही?"
"हाव," म्हटलं. "लालभडक हाय."