पहिल्या घासाचं इन्स्पेक्शन

५ जानेवारी, रविवार
संकल्प. यंदा नाशिकच्या हॉटेलांना शिस्त लावायची.
सातपूरच्या कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. पहिला पीस मी पास केल्याशिवाय तिथे मशीन पुढे चालत नाही. मग टेबलावर तोंडं का चालावीत? आजपासून पहिला घास माझा. चव, वास, रंग, तापमान तपासून, फॉर्म भरून मी ओके म्हटलं की मगच बाकीच्यांनी हात लावायचा.
बाकीचे म्हणजे शेखर आणि भारत. कॉलेजपासूनचे मित्र. शेखर सरकारी क्लार्क, भारत देवळ्याचा, कांद्याचा व्यापारी. दर रविवारी बारा वाजता आम्ही बाहेर जेवतो. दोघांना नियम समजावून सांगितला. गप्प बसले. म्हणजे पटला.

१२ जानेवारी, रविवार
गंगापूर रोड. मिसळ. झोपाळे, बैलगाडी, सेल्फी पॉइंट. लोक मिसळ खायला येतात की जत्रेला, देव जाणे.
तिन्ही ताटं तपासून नोंदी करायला सव्वीस मिनिटं लागली. रस्सा कोमट. पापड मऊ पडलेला. आणि बाहेर बोर्ड काय, तर झणझणीत! रिजेक्ट.
भारतचं म्हणणं, आली तव्हा लय वाफ निघत होती. कांदेवाल्याने कांद्यापुरतं बोलावं.

१९ जानेवारी, रविवार
कॉलेज रोड. सिझलर. आला तो चरचरत, धूर काढत. धूर ही दोष लपवायची जुनी युक्ती आहे, मी फसणारा नव्हे. धूर पूर्ण बसेपर्यंत सगळ्यांना थांबवलं. खाली निघाला गार भात आणि मेलेली कोबीची पानं. रिजेक्ट. वेटरला दहा मिनिटं समजावलं.
निघताना शेखरने वेटरची माफी मागितली. या माणसाला कॉलेजातही स्वाभिमान नव्हता.

२६ जानेवारी, रविवार
कार्यक्रम रद्द. शेखरला झेंडावंदन, भारतला गावी लग्न. झेंडावंदन काय दुपारपर्यंत चालतं?
घरीच जेवलो. बायकोने, सायलीने, थालीपीठं केली होती. फॉर्म काढला, तर ती म्हणाली, तपासायचं असेल तर कंपनीत जा, खायचं असेल तर खा. अडाणीपणाला औषध नाही.
दुपार फार लांबली. फोन चार वेळा बघितला. चार्जिंग तपासायला.

२ फेब्रुवारी, रविवार
शेखरचा मेसेज आला. यापुढे बाराऐवजी दीडला भेटायचं.
नाशिक रोड, डोसा. मी दीडच्या ठोक्याला पोचलो, तर दोघे आधीच हजर! टेबल लख्ख पुसलेलं. हा माझ्या शिस्तीचा परिणाम. शिवाय खादाडपणाही गेला. दोघांनी मिळून एक इडली मागवली. माझं इन्स्पेक्शन चालू असताना कुरकुर नाही, घाई नाही. भारत निवांत दात कोरत बसला होता. गुणवत्तेची जाण आली की माणूस असा शांत होतो.
डोसा वातड. रिजेक्ट.

९ फेब्रुवारी, रविवार
हायवेचा ढाबा. शेवभाजी. दोघे पुन्हा माझ्याआधी हजर. दोघांनी फक्त ताक घेतलं. भारतच्या शर्टावर तर्रीचा ओला डाग. घरून निघताना आरसासुद्धा बघत नाही, अजागळ कुठला. वेटर शेखरकडे बघून हसत होता. उगाच.
नोंदी होईपर्यंत भाकरी कडक. रिजेक्ट.

१६ फेब्रुवारी, रविवार
गंगापूर रोडच्या मिसळीचं फेरइन्स्पेक्शन ठरलं होतं. सायलीला तिच्या बहिणीकडे सोडलं आणि तिथून सरळ गेलो. सव्वाबारालाच पोचलो.
दोघे आत बसलेले. समोर मिसळ. वाफ लांबून दिसत होती. भारत ओरपत होता आणि शेखर तोंडातला घास सांभाळत हसत होता. इतकं हसताना त्याला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.
वेटर जवळ आला. म्हणाला, साहेब, तुमचं दीडला आहे ना? त्यांनी सांगितलंय, तुम्ही यायच्या आत ताटं उचलून टेबल पुसून ठेवायचं.
राग आला. आत जाऊन फॉर्म तोंडावर फेकावा, असं वाटलं. दोन पावलं गेलोही. मग वाटलं, आत्ता जाब विचारला तर पुढच्या रविवारी मेसेजच येणार नाही. या दोघांशिवाय मला जेवायला बोलावणारं कोणी नाही. फार वाईट वाटलं.
वेटरला म्हटलं, मी आलो होतो हे सांगू नकोस. सव्वा तास रस्त्याच्या कडेला गाडीवर बसून राहिलो.
दीडला आत गेलो. टेबल पुसलेलं. भारत म्हणाला, ये रे, तुझ्यासाठीच थांबलो, लय भूक लागली. मी म्हटलं, सॉरी, उशीर झाला.
मिसळ आली. एक घास घेतला आणि लगेच ओके म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग जेवायला लागले. शेखरला घाम फुटला, भारतने पट्टा सैल केला, पण दोघांनी ताटं संपवली.
मिसळ गरम होती. चांगली होती.