आजारी झाडांवरची मोजणी

१४ मार्च
दुधनीला जाऊन आले. निंगव्वाच्या भेंडीत आमच्या प्रयोगशाळेची कार्डं लावून तीन आठवडे झाले. कार्डातून निघणाऱ्या बारीक गांधीलमाश्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालतात. पिल्लू काळं पडलं की काम झालं समजायचं. काळी भरपूर दिसली. म्हटलं, फवारू नका. केवडा रोग मात्र वाढलाय, बरीच झाडं पिवळी. तो विषाणू पांढरी माशीच पसरवते.
निंगव्वा म्हणाली, "तुमची लेकरं आजारी झाडावरच बसत्यात की, बाई. हिरव्याकडं फिरकत न्हाईत."
हसले. पिवळ्या पानावर काळं उठून दिसतं, असं समजावलं. तेही शिकवल्याच्या सुरात.

१६ मार्च
तिचं बोलणं डोक्यातून जात नाही. परवा मी कुठली झाडं मोजली? वहीत नुसते आकडे. झाड हिरवं की पिवळं, लिहिलेलंच नाही. जिथं काळं दिसलं तिथं थांबत गेले, एवढं आठवतं. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर…

१९ मार्च
पुन्हा दुधनी. या वेळी ओळीतलं दर दहावं झाड, काहीही असो. पान भिंगाखाली. पांढरी माशी सगळीकडे सारखीच; काळी पिल्लं मात्र पिवळ्यांवर. हिरव्यांवर जवळपास नाहीत. निंगव्वाचं बरोबर होतं.
आजारी झाडाचा वास ओढतो, की रंग? माहीत नाही. प्रयोगशाळेत आम्ही रोगट झाड आत येऊच देत नाही. मग कळणार कसं?
आणखी दोन ओळी पिवळ्या झाल्यात. या उन्हाळ्यात तिच्याकडे ही अर्धा एकर भेंडी सोडून दुसरं पीक नाही.
"उपटू का?"
"थांबा," म्हणाले. उपटली तर गांधीलमाश्याही त्यांच्याबरोबर जाणार. ठेवली तर रोग हिरव्यांवर. तिनं उपटायला घातलेला हात मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२३ मार्च
दोन्हीकडची काळी पिल्लं नळ्यांत ठेवली होती. हिरव्यांवरच्या मोजक्यांतून माश्या निघाल्या. पिवळ्यांवरच्या बऱ्याचशा अजून आतच बंद. मेल्या की उशीर?
आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "अहवालात सरासरी द्या." सरासरी चांगली दिसते. म्हणूनच दिली नाही.

२४ मार्च
नळ्या तशाच; पिवळ्यांवरच्या माश्या अजून निघाल्या नाहीत. निंगव्वाला फोन केला. माझं मोजणं चुकलं, तुम्ही म्हणत होता तेच खरं. फोनवर तिच्या मागे कुणीतरी कन्नडमध्ये बोलत होतं.
"मग आता?"
"पिवळी उपटा."
"ठरवून सांगताय की भिऊन?"
मी एक नळी उजेडात धरून पुन्हा पाहिली.
"सकाळी पाण्याची पाळी हाय," ती म्हणाली. "पाणी सोडायच्या आत सांगा, बाई. तवर झाडांना हात लावत न्हाई."