डोंगराला पाठ देणारी कोपी

प्रिय अण्णा,

काल मार्गशीर्षातल्या अवसेला आपली येळवस झाली, तुमच्याशिवायची पहिलीच. रानात जेवलो, आंबील शिंपडली आणि घरी येऊन मी आईशी भांडले. आज नांदेडला परतले, पण जीव थाऱ्यावर नाही. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

कडब्याची कोपी, पूजेच्या लक्ष्मीचं ते खोपटं, यंदा मी आणि तुमच्या जावयांनी घातली. घातली कसली, घोटाळाच केला! लक्ष्मीला डोंगर दिसावा म्हणून तोंड तिकडं केलं. तुम्ही दरवर्षी डोंगराला पाठ का द्यायचात, ते दिवा लावताना कळलं. उतारावरून असा गार वारा आला की दिवा टिकेचना. आई हसून बेजार! तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसली, अण्णा. मग पदर आडवा धरून तिनं पूजा केली.

गाडी मी तिला नांदेडला आणायलाच नेली होती. तुम्हीही काय जागा निवडलीत हो! वर चार बोटं माती, खाली सगळा मुरूम. पडलेला पाऊस ओढ्यानं निघून जातो आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसतो. जळकोटहून टँकर आला तर आला. दिवससुद्धा आपल्याकडं डोंगराआड लवकर मावळतो. एकटीनं तिथं कसं राहायचं?

हे सगळं मी तिला ऐकवलं. ती हिरव्या दाण्यांची उरलेली भज्जी माझ्या डब्यात भरत होती.

"तुझ्या गल्लीतून आभाळ दिसतंय किती?" ती म्हणाली. "इथं डोंगरावर काळं झालं की मी सरपण आत घेते. तिथं बसून काय करू?"

मला लई राग आला. सरपणासाठी कुणी राहतं का, असं तोंडावर बोलले. तिनं डब्याचं झाकण लावलं.

आज सकाळी आम्ही निघालो, तर ही अंगणात उभी. आधी डोंगराकडं नीट बघितलं, मग जावयांना म्हणाली, "धुकं उतरलंय. उताराला गाडी हळू घ्या."

अण्णा, हे तर तुम्ही म्हणायचात ना! तुमचं काम तिनं कधी हातात घेतलं, मला कळलंच नाही. गाडीत मला रडू आवरेना.

तिला ओढून आणणार नाही, हा माझा शब्द. विहीर आटली की मीच तिथं येऊन राहीन. आणि रोज सकाळी फोन करीन. आधी डोंगराची खबर विचारीन, मगच तिच्या गुडघ्यांची. उलटं विचारलं तर ती फोन ठेवून देते.

तुमची,
शोभा