ट्रॅक्टरले रेललेली आई

जाम, ३ डिसेंबर २०२४

चि. रक्षास, आईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुहा फोन बंद हाय, म्हणून ही चिठ्ठी रोज नालवाडीले जाणाऱ्या मयुरीजवळ देऊन राह्यली.

ट्रॅक्टरच्या जाहिरातीतल्या पोरीसारखं तू मले ट्रॅक्टरले रेलून उभं केलं, तवा तुह्ये बाबा हसून हसून ठसकले. ती पोरगी ओल्या साडीत, अन् मी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन. खाली तू लिहिलं, ट्रॅक्टरसोबत बाई फुकट नाई. तुह्या प्रदर्शनातला तो फोटो आता साऱ्या गावाच्या मोबाइलवर हाय.

काल ट्रॅक्टरच्या एजन्सीतले दोघं जण बाबांच्या दुकानात आले. आमच्या ट्रॅक्टरची बदनामी केली म्हणे. पोरगी नालवाडीत कोणत्या गल्लीत राह्यते, विचारलं. बाबांनी सांगतलं नाई, तं हसले, म्हणे आम्ही शोधून घेऊ. फोटो उतरव, बाई. माह्या थोबाडासाठी काऊन जीव धोक्यात घालतं?

दाराले कडी लावत जाजो. तुह्या काळजीतली,
आई

नालवाडी, ५ डिसेंबर

तीर्थरूप आईस, शिरसाष्टांग नमस्कार.

ते इथंही आले. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरून त्यांनी तुझ्या फोटोवर काळं ऑइल फासलं. मी खांबामागे उभी होते, आई. पोलिसांत तक्रार दिली आहे. हॉलचे मॅनेजर म्हणाले, आईला असं उभं करताना लाज नाही वाटली का. मी फोटो उतरवला. बाकीचे आहेत, तुझी जागा रिकामी.

घरमालकीण कौशल्याबाई माझ्याजवळ झोपायला येतात. रविवारी प्रदर्शन संपलं की घरी येते. तू येऊ नको. बाबांना यातलं सांगू नको.

रागावली नसशील ना? तुझी भित्री,
रक्षा

जाम, ७ डिसेंबर

चि. रक्षास, आशीर्वाद.

बाबांले सांगतलं. म्हणे उद्याच्या पहिल्या बसनं जाऊ.

त्या मॅनेजरले सांगजो, मले कोणं उभं नाई केलं, मी आपल्या मनानं उभी राह्यली. फोटो नसन तं त्या जागी मीच थांबतो. मले धैर्य आलं असं समजू नोको, भेव हायच. बाबाही भ्यायले हायेत, पण बाजूले राहीन म्हणतात. बचतगटातली सुलोचना अन् बाकीच्या बाया येतो म्हणाल्या. बसस्टँडवर कोण कोण दिसते, पाहू.

तिथं एक खुर्ची ठेवजो. दिवसभर उभं राहवणार नाई.

माया हाय तशीच राहू दे,
तुही आई