तीन क्रेडिट्सची उडी

९ जुलै
प्राचार्यांनी बोलावलं. फायनल इयरला 'उद्योजकता' शिकवायला कोणी तयार नाही म्हणाले. म्हणजे माझ्याइतका योग्य माणूस नाही. आजवर थर्मोडायनॅमिक्समध्ये कुजलो. आता कोइमतूरला उद्योजक देणार!

१६ जुलै
पहिलं लेक्चर. झकास. 'नोकरी म्हणजे पिंजरा. उडी मारा!' टाळ्या. पुगळेंदी नावाच्या मुलाने विचारलं, सर, तुम्ही कुठे उडी मारलीत? म्हटलं, सिलॅबसबाहेरचं विचारू नका.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
घरी पळनिसामी आले. बस कंडक्टर. त्यांची मुलगी कयलविळी माझ्या वर्गात. बंगळूरची नोकरी लागली, तर नको म्हणते! पुगळेंदीबरोबर नारळ खवायचं मशीन बनवणार. 'सर, हे खूळ तुम्हीच भरवलंत. आता तुम्हीच उतरवा.' मला घाम फुटला. म्हटलं, अहो, तीन क्रेडिट्सचा विषय तो, एवढा मनावर घ्यायचा नसतो. कॉफी घेऊन आलेली कोमळम म्हणाली, मग उडी कोणी मारायची? बायकोने विद्यार्थ्यांसारखं बोलू नये.

९ सप्टेंबर
दोघांना केबिनमध्ये घेतलं. पीएफ, मेडिकल, ग्रॅच्युइटी. इतकं सुंदर मी कधीच बोललो नव्हतो. पुगळेंदी भारावून ऐकत होता. कयलविळी म्हणाली, सर, मी उन्हाळ्यातच ठरवलंय. तुमच्या लेक्चरचा काही संबंध नाही. हायसं वाटलं. मग विचारलं, थोडासुद्धा नाही? ती म्हणाली, नाही सर.
जेवण गेलं नाही.

१७ सप्टेंबर
पुगळेंदी मैसूरपाक घेऊन आला. त्यालाही एक ऑफर होती, ती घेतली! 'सर, तुमच्यामुळे डोळे उघडले.' शेवटी कोणाचे तरी उघडले. बाहेर कयलविळी उभी होती. त्याला एवढंच म्हणाली, आता वेल्डिंग मलाच शिकावं लागणार. दुसरा तुकडा घशाखाली उतरेना. तूप जास्त झालं असावं.

२८ नोव्हेंबर
प्राचार्य खूश. यंदा प्लेसमेंट विक्रमी. म्हणाले, नोकरी पटवण्यात तुमचा हात कोणी धरणार नाही, पुढच्या वर्षी प्लेसमेंट सेलच सांभाळा. थँक यू म्हणालो.
दुपारी हॉस्टेलच्या मेसमध्ये गेलो. कयलविळीचं मशीन धडधडत होतं. हाताला भाजल्याची पट्टी. पळनिसामी सुट्टी टाकून नारळ फोडत बसलेले. म्हटलं, काही मार्गदर्शन लागलं तर सांग.
ती म्हणाली, सर, जरा बाजूला व्हा. अंगावर खोबरं उडेल.