मोजलं नाही

प्रिय धाकट्या,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पाला आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे देते आहे. तो तुझ्या सुतारकामाच्या कारखान्यावरूनच जातो आणि उद्या सकाळी परत इकडे निघतो. उभ्याउभ्याच लिहिते आहे, अक्षर चालवून घे.

ठमी गाभण राहिली त्याला पंधरा महिने भरून वर नऊ दिवस झाले. पिल्लू काल संध्याकाळपर्यंत तरी जिवंत होतं. कुशीवर त्याची लाथ मी डोळ्यांनी पाहिली. पण दोन दिवस ही बया बसलेली नाही. दिवसाचे पाच-सहा तास चिखलात लोळणारी ही गेंड्याची जात, आणि कुंपणाच्या कडेकडेने नुसती फेऱ्या घालते आहे. पाल्याला तोंड लावत नाही. ही वेणांची सुरुवात की आत काही बिघडलंय, ते सोनोग्राफी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि यंत्र दिसलं की ती डोकं खाली घालून अंगावर येते. नवी डॉक्टर पोरगी हुशार आहे, पण ठमीने तिला दोनदा चिखलात बसवलं. मीही तिच्याबरोबर फेऱ्या घालते आहे, ती कुंपणाच्या आतून, मी बाहेरून. कामावरची पोरं मागे हसतात, "बाई, तुमचे दिवस कधी भरतात?" म्हणतात. हसू देत.

या जातीचे केसाळ गेंडे साऱ्या जगात पन्नास तरी उरलेत की नाही, देव जाणे. जंगलात इतके विखुरलेत की नराला मादी सापडत नाही, आणि मादी फार वर्षं एकटी राहिली की तिच्या गर्भाशयात गाठी होतात. ठमीचे तीन गर्भ पहिल्या काही महिन्यांतच पडले, हे तुला कोणी कळवलं नसेल. या खेपेला रोज पावाच्या तुकड्यातून औषध चारून टिकवलं. तुझ्या बायकोच्या बाळंतपणाला मी दोन दिवस टिकले नव्हते, आणि हिचे लाड मात्र पंधरा महिने पुरवते आहे. भावजयीला सांग हवं तर, तिने मला नावं ठेवायला हरकत नाही.

तुला आठवतं, ठमी गायला लागली की तू शीळ घालून जबाब द्यायचास? मी ओरडायचे, की हे संशोधन केंद्र आहे, तमाशाचा फड नव्हे. पण कानामागे तुझा हात असला, की ती अर्धा तास दगडासारखी उभी राहायची, आणि माझं सोनोग्राफीचं मोजमाप व्हायचं. ते मी कधी कबूल केलं नाही. आज करते.

आता मुद्द्याचं. तीन आठवड्यांतून एखादाच दिवस मादी नराला जवळ येऊ देते. एरवी मधलं फाटक उघडलं तर दोघं एकमेकांच्या जिवावर उठतात. म्हणून तिच्या अंडाशयातली बीजपुटी वीस मिलिमीटर भरल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, आणि रोजचं माप फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचं, हा नियम माझाच. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी तू आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंस. तुझ्याशिवाय ठमी उभी राहीना. जावईबापूंना, म्हणजे तिच्यासाठी आणलेल्या त्या पाहुण्या नराला, दोन दिवसांत परत पाठवायचं होतं, संचालक सारखे विचारत होते. मी आदल्या दिवशीचं माप घेतलं, त्यात रोजची वाढ मिळवली आणि फळ्यावर एकवीस लिहून टाकलं. मोजलं नव्हतं. तू दुपारी आलास, फळा वाचलास आणि फाटक उघडलंस. पुढचं तुला माहीत आहे. तिच्या बरगडीवरचा वण अजून तसाच आहे.

तू तिच्या जखमेवर फडकं दाबून बसला होतास, तेव्हा मी फळा पुसला. चौकशीत साहेबांनी विचारलं, फळ्यावर काय होतं? तू एकदाच माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "मी बघितलाच नाही, साहेब." नोकरी तुझी गेली. दुसऱ्या वर्षी मी प्रमुख झाले. आई विचारत राहिली, तुम्ही दोघं बोलत का नाही, आणि शेवटपर्यंत मी तिला कामाची घाई सांगत राहिले.

आज सकाळी पुन्हा तेच झालं. ठमी उभी राहीना, डॉक्टर पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, खडू माझ्या हातात. पिल्लाची स्थिती अंदाजाने लिहायला हात उचललासुद्धा. मग "मोजलं नाही" एवढंच लिहिलं, आणि तशीच संचालकांच्या खोलीत जाऊन नऊ वर्षांपूर्वीचं सगळं कागदावर सहीनिशी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बाई, त्याला कळवलंत का?" म्हणून हे पत्र. ये असं म्हणायचा हक्क मी घालवून बसले आहे. तुझ्या नावाचा पास मात्र केंद्राच्या मुख्य फाटकावर ठेवलाय, आणि ड्रायव्हरला शेजारची जागा मोकळी ठेवायला सांगितलंय. माझ्याशी बोललं नाहीस तरी चालेल. तिला शीळ घाल.

तुझीच,
फळ्याजवळ उभी असलेली,
ताई